शून्य सेकंदाची साद

वीज मिळते त्या क्षणी संगणकापाशी फारसं काही नसतं. पडदा जागा झालेला नसतो, कळफलकाची ओळख पटलेली नसते, मेमरीची वाटणी व्हायची असते. तरी लिनक्सचं कर्नल बोलू लागतं. त्याच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला चौकटी कंसात वेळ असते, आणि सुरुवातीच्या कितीतरी ओळींवर ती एकच असते: ०.००००००. वेळ मोजायचं घड्याळच अजून हाताशी आलेलं नसतं. कोणत्या प्रोसेसरवर जाग आली, आपली आवृत्ती कोणती, मेमरीचा कोणता पट्टा वापरता येईल आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे ते सांगत जातं. ऐकायला कोणी आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. बोलणं मात्र थांबत नाही.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि कन्सोल ही त्या गाभ्याची बाहेरच्या माणसाशी बोलायची, त्याचं ऐकायची जागा. मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या चकचकीत पडद्यामागे ती झाकली गेली आहे. मला ती उघडी दिसली जंगलाच्या कडेला.

जून सरत आला की दाजीपूरचं रान पाण्याने जड होतं. अंजनीच्या, जांभळीच्या बुंध्यांवर शेवाळ हिरवंगार फुगतं, पायवाटेवर जळवा उभ्या राहून हवेत चाचपडतात, आणि अंधार पडला की बेडकांचे आवाज एकमेकांत इतके मिसळतात, की वेगळे काढता येत नाहीत. त्या रानाला लागून एका मित्राची मालकी जमीन आहे. तिथे पत्र्याच्या खोपीत आम्ही ध्वनिमुद्रक ठेवला होता: तळहातावर मावणारा संगणक, एक माइक, छपरावर सौर पॅनल. शीळकरी कस्तूर टिपायचा होता. हा पक्षी पावसाळ्यात फटफटायच्या आधीच, काळोखात गाऊ लागतो. ओढ्याकाठी कुठेतरी बसलेला असतो, दिसत नाही. पाण्याच्या खळखळाटावर चढून त्याची लांब, वळणं घेत जाणारी शीळ तेवढी येते.

मुद्रण बंद पडलेलं आढळलं. दिवा लागत होता, बाकी काही नाही. पडदा तिथे नव्हताच. होती ती तीन तारांची केबल. बोर्डावर पिनांची दुहेरी रांग असते. तिच्यातली सहावी पिन ग्राउंडची. आठवीतून संगणक बोलतो, दहावीतून ऐकतो. केबलची ऐकणारी तार आठवीला लावायची आणि बोलणारी दहावीला. लॅपटॉपवर वेग १,१५,२०० ठेवला, वीज दिली, आणि काळ्या खिडकीत ओळी उतरू लागल्या. पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि त्या आवाजात एक अख्खं यंत्र आपली हकीकत सांगत होतं. शेवटी ते थांबलं. कर्नल पॅनिक, मूळ फाइलसिस्टिम जोडता येत नाही, आणि कंसात दोन आकडे: १७९ आणि २. लिनक्सच्या दप्तरात १७९ हा मेमरी कार्डांच्या घराण्याचा क्रमांक आहे, आणि २ म्हणजे त्या कार्डावरचा दुसरा भाग. नेमका तोच भाग वाचण्याजोगा उरला नव्हता. मरणाऱ्या यंत्राने आपलं दुखणं नाव-गावासकट सांगितलं होतं.

त्या रात्री वाटलेला आदर पुढे वाढतच गेला, कारण ती ओळ माझ्यापर्यंत कशी आली हे मी शोधत गेलो.

कर्नलला काही सांगायचं असलं की ते ‘प्रिंटके’ नावाच्या फंक्शनला हाक मारतं. प्रिंटके ते बोलणं आधी एका वर्तुळाकार साठ्यात ठेवतं. सहसा हा साठा १२८ किलोबाइटचा असतो. भरला की सगळ्यात जुनी नोंद पुसून नवी तिथे बसते. बोलायची जागा तयार नसली तरी बोलणं वाया जात नाही ते यामुळेच. पुढे केव्हातरी सिरिअल पोर्टचा ड्रायव्हर उभा राहतो, ‘मी कन्सोल आहे’ म्हणून नाव नोंदवतो, आणि कर्नल त्याच्यापुढे पहिल्या ओळीपासून सगळा साठा वाचून दाखवतं. उशिरा आलेल्यालाही सुरुवात ऐकायला मिळते. ज्यांना तेवढाही धीर धरवत नाही, त्यांच्यासाठी ‘अर्लीकॉन’ हा तात्पुरता कन्सोल असतो. ड्रायव्हरची सगळी सजावट उभी राहण्याआधी तो थेट हार्डवेअरच्या रजिस्टरांत अक्षरं टाकतो. खरा कन्सोल आला, की आपण बंद होत असल्याची ओळ छापली जाते आणि तो बाजूला होतो. ती ओळ मी दर वेळी थांबून वाचतो.

पुढे पहिल्या प्रक्रियेचा, ‘इनिट’चा जन्म होतो. तिला जगात सोडण्याआधी कर्नल स्वतः कन्सोल उघडतं आणि त्याची तीन टोकं तिच्या हाती देतं: ०, १ आणि २. शून्यातून ऐकायचं, एकातून बोलायचं, दोनातून चुका सांगायच्या. पुढे जन्मणाऱ्या प्रक्रिया अशी तीन टोकं आपल्या जन्मदात्रीकडून घेतात, आणि ही रीत इथून सुरू होते.

आता ते अक्षर तारेतून कसं जातं ते पाहा. सिरिअल तारेवर एका अक्षराला दहा बिट लागतात: सुरुवातीची खूण, आठ बिटांचं अक्षर, शेवटची खूण. १,१५,२०० च्या वेगाने एका अक्षराला ८७ मायक्रोसेकंद. सेकंदाला अब्ज ठोके देणारा प्रोसेसर तेवढ्यात ८७ हजार ठोके मोजतो. कर्नल एक अक्षर ठेवतं आणि पोर्टच्या स्थितिदर्शक रजिस्टरात पाहतं: जागा झाली का? नाही. पुन्हा पाहतं. नाही. पुन्हा. जागा झाल्याचा बिट चढला की पुढचं अक्षर. ऐंशी अक्षरांच्या ओळीला सात मिलिसेकंद जातात. एवढ्या प्रचंड वेगाचं यंत्र इथे थांबून राहतं, आणि त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसतो तो या थांबण्यामुळे.

ही वागणूक जुनी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, युनिक्स जन्मलं तेव्हा कन्सोल म्हणजे सेकंदाला दहा अक्षरं कागदावर आपटणारा टेलिटाइप होता. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत कर्नलचं छापणारं फंक्शन असंच अक्षरागणिक वाट पाहत असे. त्याच्या माथ्यावर लिहिणाऱ्याने बजावून ठेवलं आहे, की हे चालू असताना बाकी सगळं काम जवळपास थबकतं, तेव्हा गप्पांसाठी ते वापरू नये.

कर्नलचं प्रत्येक बोलणं सारख्या मोलाचं नसतं, आणि हे ते स्वतःच सांगतं. ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. सातवी निव्वळ तपासणीसाठीची पुटपुट, सहावी माहिती, चौथी इशारा, तिसरी चूक, आणि शून्य म्हणजे घर कोसळतं आहे. जंगलात फिरणारी माणसं हे लगेच ओळखतील. चितळाचा धोक्याचा कॉल आला की वाटाड्या मान वर करतो, पण पुढे जात राहतो. वानराचा खकारा आला की थबकतो. सांबराचा ‘ढांक’ आला की जिप्सी बंद करायला लावतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. कन्सोलवर कुठल्या पायरीपर्यंतचं बोलणं उमटू द्यायचं हे आपल्या हाती असतं. लिनक्सचे बरेच संगणक आज सुरू होतानाच कर्नलला ‘क्वायट’ म्हणजे गप्प राहा असं सांगतात. मग पडद्यावर चुका आणि त्याहून गंभीर तेवढंच येतं. बाकीचं साठ्यात पडून राहतं; कोणी विचारलं तर मिळतं.

खरी अवघड गोष्ट पुढेच आहे. प्रोसेसर अनेक असतात, सगळ्यांना बोलायचं असतं, आणि तार एकच असते. म्हणून कन्सोलला कुलूप होतं: ज्याच्या हाती किल्ली, तो छापणार. पण तो छापत असताना बाकीचे आपापलं बोलणं साठ्यात टाकत राहत, आणि किल्लीवाल्याने ते सगळं संपवल्याशिवाय जायचं नाही असा नेम होता. दुसऱ्यांची ओझी वाहता वाहता त्याचं स्वतःचं काम अडे. मग कर्नलमधला पहारेकरी, ‘वॉचडॉग’, तक्रार करी, की हा प्रोसेसर अडकून पडला आहे. ती तक्रारही साठ्यात जाई आणि त्यालाच छापावी लागे. २०१८ मध्ये कर्नलवर काम करणाऱ्या स्टीव्हन रॉस्टेड यांची दुरुस्ती आली: वाट पाहणारा कोणी आला, की हातातली ओळ संपवून किल्ली त्याच्याकडे द्यायची. २०२० अखेरच्या ५.१० आवृत्तीत जॉन ओग्नेस यांनी रचलेला नवा साठा आला. त्यात नोंद करायला कुलूपच लागत नाही. कोणत्याही क्षणी, कसल्याही घाईतून आलेली हाक त्यात मावते.

रिअल-टाइम लिनक्सचं काम वीस वर्षं चाललं होतं. ठरलेल्या क्षणाला ठरलेलं काम झालंच पाहिजे, एवढी त्याची साधी मागणी. ते मूळ कर्नलमध्ये सामील व्हायला शेवटपर्यंत अडलं ते याच छापण्यापाशी, कारण धीम्या तारेची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रोसेसरला वेळ पाळता येत नाही. छापायचं काम वेगळ्या धाग्यांकडे देण्याची वाट निघाली, संकटाच्या वेळी कन्सोल ताब्यात घ्यायचे नियम ठरले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात या कामाचे प्रमुख थॉमस ग्लाइक्सनर यांनी सामिलीची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली. नोव्हेंबरात ६.१२ आवृत्ती आली, तिच्यात ते काम आहे. एक ओळ नीट उमटावी म्हणून माणसं इतकी वर्षं खपली. या निष्ठेपुढे मी नमतो.

आणि मग शेवट, म्हणजे पॅनिक. कर्नलला कळतं की आता पुढे जाणं म्हणजे असलेलं बिघडवणं. ते इतर प्रोसेसरांना थांबवतं. बोलण्याची पातळी वर नेतं, म्हणजे काही दडून राहायला नको. साठ्यात जे उरलं असेल ते कन्सोलवर रितं करतं, आणि त्यासाठी गरज पडली तर एरवी प्राणपणाने जपलेल्या कुलपाकडेही पाहत नाही. किल्ली ज्याच्या हाती होती तो प्रोसेसर कदाचित थांबवलेल्यांपैकीच असेल, मग वाट कोणाची पाहायची? डिस्कवर विश्वास ठेवता येत नाही, नेटवर्कवर नाही, स्वतःच्या मेमरीवरही पूर्ण नाही. विश्वास उरतो तो त्या पोर्टवर: बिट चढला का पाहा, अक्षर ठेवा, पुन्हा पाहा. काय झालं, कुठे झालं, तिथवर कोणती फंक्शनं एकमेकांना हाका मारत आली, हे सगळं त्याच वाटेने बाहेर येतं. नंतर ते एका न संपणाऱ्या फेऱ्यात शिरतं. काही संगणकांवर कळफलकाचे दिवे तेवढे लुकलुकत राहतात.

स्वतःच्या मोडण्याचा खरा पंचनामा मोडता मोडता करणारी दुसरी मानवनिर्मित गोष्ट मला सहज आठवत नाही.

खोपीत आम्ही नवं कार्ड घातलं. कस्तूराची शीळ पुढच्या पहाटे टिपली गेली.

घरी लिनक्सचा संगणक असेल तर एकदा हे करा. सुरू होताना ‘ग्रब’ची यादी येते तिथे ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द खोडा आणि एफ-१० दाबा. बदल तेवढ्या एका वेळेपुरता राहतो, बिघडत काही नाही. ओळी भरभर जातील. नंतर टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘डीमेसेज’ (dmesg) लिहून त्या सावकाश वाचा. आणि एखादं छोटं यंत्र बोलत नाही म्हणून भंगारात टाकायच्या आधी, त्याच्या पिनांना तीन तारा लावून ते काय म्हणतं आहे ते ऐकून घ्या.