कातळातला जामीन

2014 साली ठाण्यातून वेगळ्या निघालेल्या पालघर जिल्ह्यात, मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या राजरस्त्यालगत, डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे महालक्ष्मीचे प्रसिद्ध देवस्थान आहे, आणि त्याच्या पाठीशी मुसळ्या डोंगराचा सुळका उभा आहे. चैत्री पौर्णिमेच्या रात्री वाघाडीच्या सातवी कुळातील पुजारी जव्हारच्या मुकणे घराण्याचा ध्वज घेऊन हा डोंगर चढून जातो, हे त्या मुलखात सर्वश्रुत आहे. आम्ही मात्र पौषातल्या एका पहाटे, ऊन कातळावर येण्यापूर्वी, कमरेला पट्टे आवळून आणि दोराची वेटोळी खांद्यावर टाकून तेथे दाखल झालो होतो, आणि एवढा सरंजाम पाहून वाटेतल्या पाड्यावरची मंडळी सौजन्यापुरतीच गंभीर राहिली.

कातळात छिद्र पाडून ठोकलेली आणि आत फुगून घट्ट बसणारी पोलादी मेख म्हणजे बोल्ट. सह्याद्रीच्या सुळक्यांवर अशा मेखांना दोरशिडी टांगून, तिच्यावर पाय देत वर सरकण्याची रीत जुनी आहे, आणि तीत कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. परंतु स्पोर्ट क्लाइंबिंगच्या शिरस्त्याप्रमाणे बोल्टाचा अधिकार केवळ जामिनाचा: तुम्ही पडलात तर तो हजर राहील, चढाईचे देणे मात्र तुमचे तुम्हीच फेडायचे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये 2021 साली या खेळाला स्थान मिळाले खरे, पण तेथील भिंतीवर पकडी रंगवून मांडलेल्या असतात; येथे त्या बोटांनी शोधाव्या लागतात, आणि सापडलेली प्रत्येक पकड टिकेलच असे नाही.

मधल्या टप्प्यात कातळ किंचित बाहेर झुकतो. शेवटचा बोल्ट माझ्या कमरेखाली तीन मीटर राहिला होता. म्हणजे हात सुटता तर तितकेच पुन्हा खाली, एकूण सहा मीटर, शिवाय दोर ताणला जाईल ते वेगळे. लाव्हारसातील बुडबुड्याने मागे ठेवलेल्या एका खोबणीत डाव्या हाताची दोन बोटे, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बोटभर रुंदीची कड, आणि पोटरी माझी परवानगी न विचारता थरथरणारी, अशा अवस्थेत वरचा बोल्ट ऐन हाताशी चमकत होता. त्याला मूठ घातली असती तर कोणी पंचनामा करणार नव्हते. मी पाय कातळावर आणखी वर घेतला, शरीर डावीकडे कलते केले, आणि वरच्या धारेवर हात बसताच दोराचा फास ओढून दातांत धरला. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा बोल्टातल्या कडीची, म्हणजे कॅराबिनरची, खिट्टी मिटल्याचा आवाज आला. खालून दोर सांभाळणारा सोबती काहीतरी ओरडला. ते शब्द वाऱ्याने नेले.

उतरल्यावर आमचा वाद पेटला. त्या मोकळ्या अंतरात आणखी एक बोल्ट ठोकावा, अशी सोबत्याची सूचना होती. पावसाने गंजलेले बोल्ट काढून त्यांच्या जागी न गंजणाऱ्या पोलादाचे बसवावेत, याविषयी आमचे दुमत नव्हते, कारण गंजलेला जामीन निकामी. परंतु नव्या मेखेस मी हरकत घेतली, कारण ज्या कोणी ती रांग प्रथम आखली त्याने हे अंतर विचारपूर्वक सोडले असावे, आणि आपल्या भीतीपायी त्याच्या आखणीत खाडाखोड करणे मला मंजूर नव्हते. सोबत्याने या निवाड्यावर सही केली नाही. पुढल्या खेपेस त्या टप्प्यात पुढे तो राहील, आणि मगच हा विषय पुन्हा काढायचा, एवढे ठरवून आम्ही भाकऱ्या सोडल्या.