भिलाईच्या बाजारातले साडेतीनशेचे इअरफोन

नागपूरहून दुर्गकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला असाल, तर गोंदियानंतरचा पट्टा तुमच्या लक्षात असेल. आमगाव, सालेकसा मागे पडतं, दोन्ही बाजूंनी जंगल येतं आणि मग डोंगरगडला टेकडीवर बम्लेश्वरीचं देऊळ दिसतं. या पट्ट्यासाठी मी खास गाण्यांची यादी करून ठेवली होती. नेमके सालेकसा गेल्यावर माझे वायरलेस इअरबड्स बंद पडले. आदल्या रात्री त्यांची डबी चार्जिंगला लावायची राहून गेली होती. मग बाकीचा प्रवास समोरच्या काकांचे रील्स ऐकत केला. स्पीकरवर, अर्थातच.

मी मामांकडे भिलाईला चालले होते. भिलाई म्हटलं की पोलाद, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. ज्या रुळांवरून आपली गाडी धावते, त्यातले कितीतरी इथेच तयार होतात. १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ इथे निघतो. माझी आख्खी बोगी त्यावर पाच वेळा मावेल! पण गाव मात्र वाटतं त्याहून शांत. सेक्टरमधले रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, दुपारी तर सायकलची घंटीसुद्धा लांबून ऐकू येते.

शांतता संपते ती सुपेल्याला. रविवारचा बाजार भरला की पाय ठेवायला जागा नसते. कपडे, भांडी, चपला आणि मध्येच हातगाडीवर द्राक्षांसारखे लटकलेले इअरफोन. शंभर रुपयांपासून पाचशेपर्यंत. दुकानदाराने लगेच एक जोडी माझ्या हातात दिली आणि ढोलाने भरलेलं एक गाणं लावलं. "बेस देखो मॅडम, बेस!"

इथे पहिली गोष्ट सांगते. दुकानदाराचं गाणं ऐकून कधी इअरफोन घेऊ नका. ते गाणं त्या इअरफोनसाठीच निवडलेलं असतं. आपलं शंभर वेळा ऐकलेलं गाणं लावा, आवाज निम्म्यावर ठेवा आणि ढोल नव्हे तर गाणाऱ्याचा गळा ऐका. स्वस्त इअरफोनमध्ये बेस फुगवणं सोपं असतं, त्यात गळा बुडतो. श्वास घेतलेला कळतोय का? शब्द सुटे येतायत का? मी चार जोड्या परत केल्या. दुकानदार वैतागला, पण पाचवी जोडी बरी निघाली. साडेतीनशे रुपये. पिन काटकोनात वळलेली, वायर चपटी. पिनेजवळ वायर वाकवून पाहिली, आवाज तुटला नाही. वायर बहुतेक वेळा तिथेच मरते, म्हणून एवढं बघाच. आणि हो, फोनला गोल भोक आहे की नाही तेही आधी आठवा. नसेल तर टाइप-सी पिनेची जोडी मागा.

घरी आले, ऐकायला बसले आणि घोर निराशा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बाजारात होता तो बेस गेला कुठे? मी आवाज वाढवत गेले. अर्ध्या तासात डावा कान ठणकायला लागला आणि इअरफोन सारखा निसटत होता तो वेगळाच.

मामा समोर पेपर वाचत बसले होते. ते तीस वर्षं इथल्याच एका लहान खाजगी कारखान्यात होते, पोलाद ठोकून आकार द्यायच्या शेडमध्ये. कारखान्याचं नाव सांगत नाही, तो आता बंदही झालाय. माझी धडपड पाहून ते म्हणाले, "बटन दाबल्यासारखं काय लावून राहिली? कान काय स्विच आहे का?"

मग त्यांनी दाखवलं. उजव्या कानात घालायचं तर डावा हात डोक्यावरून न्यायचा, कानाची पाळी वरच्या बाजूने धरून वर आणि किंचित मागे ओढायची. कानाची नळी वाकडी असते, ओढल्यावर ती सरळ होते. मग उजव्या हाताने हलकेच फिरवत इअरफोन आत बसवायचा आणि पाळी सोडायची. शेडमध्ये शेवटच्या काही वर्षांत कानात घालायचे बोळे मिळाले, तेव्हा त्यांना हे शिकवलं होतं.

तुमच्याकडे वायरचे इअरफोन असतील तर आत्ताच करून बघा. मी केलं आणि ढोल परत आला! त्याच साडेतीनशेच्या जोडीतून. कारण साधं आहे. या इअरफोनचा रबरी टोप कानाला झाकणासारखा बसला तरच खालचे, जाड स्वर आत टिकतात. जराशी फट राहिली की ते सगळ्यात आधी निसटतात आणि उरतो फक्त पत्रा. आपण इअरफोनला नावं ठेवतो आणि आवाज वाढवतो.

पाकिटात लहान, मध्यम, मोठे असे तीन जोड टोप असतात. आपण बहुतेक जण ती पुडी कचऱ्यात टाकतो. माझीही केरात जाणार होती, मामींनी वाचवली. माझ्या उजव्या कानाला मध्यम बसला, डाव्याला लहान. दोन्ही कान सारखे नसतात हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. डाव्या कानाचं ठणकणं तिथेच थांबलं. वायर कपड्याला घासून खरखर येत होती, ती कानामागून वळवून घेतल्यावर बरीच कमी झाली. आठवड्यातून एकदा टोप काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून लावा. महागड्या जोडीचा हट्ट करण्याआधी एवढं तर करून बघू.

पण खरा फरक फोनच्या पडद्यावर दिसला. आवाजाची रेघ आधी जवळजवळ टोकाला होती, आता निम्म्यावर आली आणि तरी ऐकायला जास्त सुरेख. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्यांनी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर आवाज सरासरी ८० डेसिबलपर्यंत असावा आणि मुलांसाठी ७५. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज कुठवर नेतो, ते आठवून बघा. अर्थात स्टेशनवर, रस्त्यावर एक कान मोकळा हवाच.

मंगळवारी आम्ही तिघं मैत्री बागेत गेलो. भारत-रशिया मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये उभारलेली ही बाग. पांढरे वाघ पाहिले, ते झोपले होते. मग झाडाखाली बसून मामा तीजनबाईंबद्दल सांगायला लागले. पंडवानीच्या तीजनबाई भिलाईजवळच्याच गनियारी गावच्या. भिलाई पोलाद कारखान्यात त्या नोकरीला होत्या, २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. एका हातात मोरपिसांनी सजवलेला तंबुरा, दुसऱ्या हातात करताल आणि उभ्याने सांगितलेलं महाभारत. भीम गर्जायला लागला की तोच तंबुरा गदा होतो. छत्तीसगढीत बोलत बसण्याला 'गोठियाना' म्हणतात. आपल्या 'गोष्टी'ची बहीणच वाटते नाही? मामांनी त्यांना तरुणपणी मैदानात, पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं.

मी फोनवर त्यांची पंडवानी लावली. मामांनी स्वतःच्या हाताने, पाळी ओढून, इअरफोन नीट बसवले. डोळे मिटले. मान डोलायला लागली. मग थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"गळा मस्त येऊन राहिला. पण करताल काऊन नाही वाजवत यात?"

मी एक इअरफोन काढून माझ्या कानाला लावला. करताल वाजत होती. अगदी स्पष्ट, प्रत्येक ठेक्याला छन् छन्. दुसऱ्या बाजूला टोप बदलून पाहिला, काही उपयोग झाला नाही. कारखान्यातला गोंगाट कानातले उंच स्वर आधी नेतो, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास सुरुवात होते आणि गेलेलं परत येत नाही. हे मी वाचलेलं होतं. आणि अलीकडे मामी "चहा टाकू का" म्हणाल्या की मामा दोनदा "काय?" करतात, हेही गेले तीन दिवस पाहत होते. तेव्हा मला ती नवरा-बायकोची गंमत वाटली होती.

माझा अंगठा आवाज वाढवायच्या बटणावर गेला होता. मी तो काढला.

मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि माझ्याकडून कानाच्या तपासणीचं नाव विचारून घेतलं, ऑडिओमेट्री. सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात की रायपूरला, यावर परतीच्या वाटेवर दोघांचं भांडण झालं. ते मामांना नीट ऐकू आलं असावं, कारण प्रत्येक वाक्याला उत्तर होतं.