सकाळचे हात

वकिलाचे हात सहसा कोणी पाहत नाही. पक्षकार त्याच्या जिभेकडे पाहतो, न्यायाधीश त्याच्या कागदांकडे. मीही माझ्या हातांकडे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी निरखून पाहिले नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी सकाळी मडगावच्या कोर्टात जाण्यासाठी गळ्याला पांढरी पट्टी बांधू लागलो, तो मानेमागचा बंद काही केल्या बोटांना साधेना. बोटे जणू रात्रभर दुसऱ्याच कोणाच्या चाकरीत राबून आली होती. शेवटी पत्नीने बंद बांधला. दहा वाजता मी वकालतनाम्यावर सही केली ती नेहमीसारखीच, आणि सकाळचा प्रकार विसरूनही गेलो.

पुढे असे रोज होऊ लागले. कधी अर्धा तास, कधी दीड तास. दोन्ही हातांची मधली पेरे आणि बोटांच्या मुळांचे सांधे, तेही उजव्या-डाव्यात अगदी समान वाटणी करून, सुजू लागले. आमच्या आईला गुडघ्यांचा संधिवात होता. तो ती भिंतीच्या ओलीसारखा घरचाच मानीत असे. मीही तसेच मानले असते. परंतु डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की हा झिजेचा वात नव्हे. शरीराची रक्षणव्यवस्थाच शत्रू समजून सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते, तो हा विकार. आपल्या वैद्यकाने त्यास फार पूर्वी ओळखले होते. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. मला मेथोट्रेक्झेट नावाचे औषध मिळाले. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे, चुकून रोज घेतले तर जिवावर बेतावे असे. त्याचा गुण येण्यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. "लवकर आलात, हे बरे केलेत," असे डॉक्टर म्हणाले. मी त्यांना एकच प्रश्न विचारला व तो विचारताना मला थोडी लाज वाटली. "गिटार वाजवता येईल ना?"

लाज वाटण्याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या घरात वाद्य म्हणजे पेटी, आणि चवथीला आरतीसाठी घुमट, शामेळ व कांसाळे. गिटार आली ती कुंपणापलीकडून. शेजारच्या घरात चर्चमधील गायनवादन शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारा गाव त्यांना 'मेस्त' म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो. चौदाव्या वर्षी मी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकावयास गेलो. दोन महिन्यांनी त्यांनी माझ्या हातातील गज काढून घेतला आणि गिटार दिली. त्यांच्या मते माझा कान तालाचा होता, सुराचा बेताचा. बाबांना हे वाद्य नाटकी वाटे. "कायद्याची परीक्षा दे, मग काय वाजवायचे ते वाजव," असे त्यांनी सांगितले, आणि मी तो करार दोन्ही अंगांनी पाळला. तेव्हापासून मेस्तांच्या बाल्कांवात मांडो रंगला की व्हायोलिन त्यांचे, घुमट गावातल्या दोघा भावांचे आणि गिटार माझी. कोर्टात मी अशिलासाठी बोलतो. तिथे मात्र मला स्वतःसाठी काही बोलावयाचे नसते, आणि दुसऱ्याच्या गळ्याखाली चार सूर अंथरावयाचे असतात. या सुखाचे वर्णन मला कधी नीट करता आलेले नाही.

आता मांडो बहुधा उदास स्वरांत चालतो आणि संथ चालतो. आमच्याकडची मंडळी तो डी मायनरमध्ये गातात. ज्यांनी गिटार हाती धरली आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. त्या सुरात जी मायनर, बी फ्लॅट आणि एफ या कॉर्डी वारंवार येतात, व तिन्हींसाठी तर्जनी आडवी टाकून तारांवर दाबून धरावी लागते. अंगठा दांडीच्या मागून आणि तर्जनी पुढून, म्हणजे चिमटाच. सुजलेल्या सांध्याला याहून मोठी शिक्षा नाही. शिवाय माझी गिटार पोलादी तारांची.

दुखणे सुरू झाल्यावर पहिल्याच फेस्ताच्या रात्री बाल्कांवात वीसेक माणसे जमली होती. दोन मांडो कसेबसे निभावले. तिसऱ्यात जी मायनरपाशी बोटाने साफ नकार दिला. तेव्हा मी जे केले ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी थांबलो नाही. उजवा हात तारांवरून, पण तारांना न लावता, तालात खाली-वर फिरवीत राहिलो, आणि डावा हात दांडीवर नुसता ठेवला. घुमटांच्या आवाजात ते खपून गेले असे मला वाटले. खोट्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात ज्याची हयात गेली त्याने आपल्या हातांकरवी खोटी साक्ष दिली, आणि ती देताना चेहऱ्यावर स्मितही ठेवले!

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मेस्त कुंपणापाशी आले. "वकील बाब," ते म्हणाले, "काल तुजो हात हालतालो, पूण गितार वाजनासली." मी सूज दाखवली. त्यांनी ती पाहिली, सहानुभूतीचा शब्द न काढता आपला हात माझ्यापुढे धरला. बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंस कठीण गाठी आल्या होत्या. अठराव्या शतकातील विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याचे नाव या गाठींना आहे, हे मला नंतर कळले. तो झिजेचा वात. "धाकटें बोट पेंशनार गेलां," मेस्त म्हणाले, "धा वर्सां जालीं." दहा वर्षे त्यांच्या शेजारी बसून वाजवताना ते मला एकदाही ऐकू आले नव्हते. माझा कान सुराचा बेताचा, हे त्यांचे निदान खोटे नव्हते.

गोव्यात वारसांमध्ये वाटणी करावयाची तर आधी इन्व्हेंटरीचे काम चालते. पोर्तुगीज काळापासूनची ही रीत आता २०१२ च्या कायद्यात आली आहे. मिळकतीचा कारभार पाहणाऱ्याने आहे ती सारी मालमत्ता शपथेवर यादीत लिहावी लागते. माझ्या अनुभवात सर्वांत अधिक भांडणे यादीत नसलेल्या वस्तूंवरून होतात. आजोबांच्या वेळी एक माडांचा तुकडा होता, तो कुठे गेला? मीही कित्येक आठवडे असाच गेलेल्या माडांसाठी भांडत होतो. अखेर एका रविवारी फुलस्केप कागद घेऊन बसलो आणि काय उरले आहे ते लिहिले. उजवा हात बहुतेक शाबूत. डाव्या हाताची तीन बोटे, सकाळी दहानंतर, उघड्या कॉर्डींपुरती. आडवी तर्जनी नाही. सलग पंधरा मिनिटांवर नाही.

यादी झाल्यावर उपाय सुचू लागले, आणि त्यातला मुख्य उपाय इतका सोपा होता की तो तीस वर्षे सुचला नाही याचेच नवल वाटले. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवावयाच्या. मग ई मायनरची उघडी कॉर्ड धरली की ऐकू येते डी मायनर. ए मायनर धरली की निघते तीच दुष्ट जी मायनर. सी धरली की बी फ्लॅट, जी धरली की एफ. गाणारे आपल्या सुरात गात राहतात आणि तर्जनी मोकळी होते. वर आणखी एक लाभ होतो. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून एक स्वर उतरला की ताण सुमारे एक-पंचमांश कमी होतो. गाणाऱ्यांना सूर चढा हवा असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावावा. तेथे पडद्यांमधील अंतरही कमी होते. साडेसहाशे मिलिमीटरच्या तारेवर पहिले घर सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरचे, तर तिसरे साडेबत्तीसचे. चार मिलिमीटर म्हणजे काय, हे धडधाकट बोटांच्या माणसाला समजावणे कठीण आहे. बाकीच्या गोष्टी किरकोळ: वाजवण्यापूर्वी हात कोमट पाण्यात बुडवणे, बोट पडद्याच्या अगदी लगत टेकणे म्हणजे कमी दाबात सूर स्वच्छ निघतो, आणि सूज भरात असताना गिटार पेटीतच ठेवणे. ही शेवटची गोष्ट किरकोळ म्हटली खरी, पण तीच मला सर्वांत जड जाते.

पोलादी तारांचा मोह मात्र सुटेना. त्या तारांची चमक नायलॉनला नाही, असे मी म्हणे. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तातीचा तुटवडा पडला तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा घडविल्या आणि खुद्द सेगोव्हियांनी त्या स्वीकारल्या, हे माहीत असूनही म्हणे. माझे मन वळवले ते घुमटाने. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गुन्ह्यात जमा झाले आणि बकऱ्याचे कातडे आले. तो नाद आता नाही, असे म्हणणारे आरतीला आजही भेटतात, आणि त्यांचे खोटेही नाही. पण २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हा तो बकऱ्याच्या कातड्यासकट मिळाला. मी नायलॉनच्या तारांची गिटार घेतली. तिची दांडी रुंद असते, त्यामुळे दाबणे हलके झाले पण बोटे ताणणे वाढले. कोणताही तडजोडीचा हुकूमनामा असाच असतो.

माझा पुतण्या मला धीर देण्यासाठी थोरांची उदाहरणे आणतो. १९२८ च्या आगीत जँगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, तरी उरलेल्या दोहोंवर त्याने आपली सारी जादू उभी केली. १९६५ मध्ये टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कारखान्यात तुटली. तो डावखुरा, म्हणून पडद्यांवरचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे सूरही उतरवला. ही माणसे मला वंद्य आहेत. तथापि माझा खटला निराळा आहे. त्यांच्यावर निकाल झाला होता, कठोर पण अंतिम. गेलेली बोटे गेली, उरलेली आपली. माझ्या प्रकरणात निकाल नाही, केवळ तारखा आहेत. औषधाने सध्या बरे आहे. महिना-महिना सूज नसते. मग एखादी सकाळ उजाडते आणि काल पक्के झालेले सर्व पुन्हा विचारार्थ येते. एका हाताशी जुळवून घेणे मी शिकलो असतो. मला रोज सकाळी कोणता हात मिळाला आहे, ते पाहूनच ठरवावे लागते, आणि कालच्या हाताचा आजच्या हातावर हक्क नसतो. हे मला अजून पुरते जमत नाही. चांगल्या दिवशी मी चोरून आडवी तर्जनी टाकून पाहतो आणि दोन दिवस त्याची भरपाई करतो.

गेल्या फेस्ताला पुन्हा बाल्कांव भरला. दुपारपासून डाव्या मधल्या बोटात कळ होती. घरी राहावे असे मनात आले, पण मागच्या लबाडीची आठवण होती, म्हणून तारा उतरवून गेलो आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच मेस्तांना सांगितले, "आज बी सेव्हन होणार नाही. चार बोटे लागतात, माझ्यापाशी दोन आहेत."

त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतले. क्षणभर डोळे मिटून हिशेब केला.

"ती कॉर्ड आयली काय तूं राव," ते म्हणाले. "ते सूर हांव घेतां. तुवें ताल मात धर."

मांडो सुरू झाला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती जागा आली. मी हात तारांवरून उचलला, सर्वांना दिसेल असा उचलला, आणि पायाने ताल धरला. घुमट चालू होते. मेस्तांचा गज, धाकट्या बोटाला वगळून, खाली उतरला.