येशू हिंदुस्थानात आला होता काय?



गेली काही वर्षे आपल्या मंडळींत एक मजकूर टेलिफोनवरून घरोघर फिरत असतो. येशू बारा वर्षांचा असल्यापासून सुमारे तीस वर्षांचा होईपर्यंत काय करीत होता याविषयी ख्रिस्ती शुभवर्तमाने गप्प आहेत. तेव्हा त्या काळात तो हिंदुस्थानात गेला आणि ब्राह्मण व बौद्ध गुरूंपाशी शिकून परत आला, असा त्याचा सारांश. आम्हां बेने इस्राएलांना हा मजकूर दुहेरी गोड लागतो. शिष्य जन्माने यहुदी आणि गुरू हिंदुस्थानचे! ज्या देशात आपण जन्मलो आणि ज्या देशात आलिया करून आलो, त्या दोन्ही देशांचा मान एकाच वाक्यात साधतो. परंतु आमची सारी नोकरी इस्पितळात परिचारिका म्हणून गेली. गोड लागते म्हणून ते औषध, असे आम्हांस कोणी शिकविले नाही. म्हणून ह्या गोष्टीची थोडी नाडी पाहावी असे ठरविले.

ही गोष्ट प्रसिद्ध केली ती निकोलस नोटोविच नावाच्या रशियन गृहस्थाने. १८९४ साली त्याने फ्रेंच भाषेत पुस्तक छापले. लडाखात प्रवास करताना आपला पाय मोडला, हेमिस येथील बौद्ध मठात आपली शुश्रूषा झाली, आणि तेथील मुख्य लामाने 'ईसा' नावाच्या संताची पोथी आपल्याला वाचून दाखविली, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातील डग्लस नावाचे प्राध्यापक मुद्दाम हेमिसला गेले. पाय मोडलेला असा कोणी साहेब मठात राहिला नव्हता आणि अशी पोथीही मठात नाही, असे मुख्य लामाने त्यांना सांगितले. पुढे १९२२ मध्ये स्वामी अभेदानंद तेथे गेले व आपणांस पोथी दाखविली गेली असे त्यांनी लिहिले. पण ती पोथी आजतागायत अभ्यासकांपुढे आलेली नाही. रोग्याचा केसपेपरच सापडत नसेल तर त्याच्या आजाराविषयी सही कोणी करावी?

दुसरा आधार काश्मीरचा. श्रीनगरात रोझाबल नावाची कबर आहे. तेथे 'यूझ आसफ' नावाचा संत पुरला आहे असे सांगतात. तो संत म्हणजेच येशू, असे अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात प्रतिपादन केले. पण ह्या नावाची कुळकथा फार मनोरंजक आहे, आणि ती आपण सर्वांनी जाणून घेण्यासारखी आहे.

मूळ शब्द 'बोधिसत्त्व'. गौतम बुद्धाची कथा इराणमार्गे अरबी भाषेत गेली तेव्हा त्याचे 'बूदासफ' झाले. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' ह्यांत नुसत्या एका टिंबाचा फरक. कोणा नकलनविसाच्या हातून ते टिंब इकडचे तिकडे झाले आणि 'बूदासफ'चे 'यूदासफ' झाले. 'यूझ आसफ' हे त्याच नावाचे रूप, असे अभ्यासक सांगतात. पुढे जॉर्जियन, ग्रीक व लॅटिन असा प्रवास करीत हा राजपुत्र 'जोसाफट' बनला. त्याच्या गुरूचे नाव बारलाम. महाल सोडून संन्यास घेणारा राजपुत्र ख्रिस्ती संत ठरला, आणि रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा त्या दोघांचा दिवस नेमला गेला. दियोगु द कुतु हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार. त्याला १७ व्या शतकाच्या आरंभीच साष्टीच्या कान्हेरी लेण्यांविषयी लिहिताना ह्या दोन कथांतील साम्य लक्षात आले होते. आणि आपले यहुदी तरी मागे कोठे राहिले? १३ व्या शतकात बार्सेलोनाच्या अब्राहम इब्न हसदाई यांनी हीच कथा अरबीवरून हिब्रूत आणली. तिचे नाव 'बेन हामेलेख वेहानाझीर', म्हणजे राजपुत्र आणि संन्यासी. एक हिंदी कथा चर्चमध्ये संत होऊन बसली आणि यहुदी घरांत नीतिकथा होऊन आली. ह्याची प्रत्येक पायरी हस्तलिखितांनी दाखविता येते. मात्र ती येशूनंतर कित्येक शतकांनी घडली.

मग येशूच्या काळी हिंदुस्थान आणि ही भूमी यांत दळणवळणच नव्हते काय? होते, आणि पुष्कळ होते. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात ज्या यवन राजांची नावे कोरली त्यांत मिसरचा टॉलेमी आहे, आणि त्या वेळी यरुशलेम त्याच टॉलेमीच्या राज्यात होते. १९५८ मध्ये कंदाहारला सापडलेला अशोकाचा लेख तर ग्रीक आणि अरामी ह्या दोन भाषांत आहे. अरामी म्हणजे आपल्या कद्दीशची भाषा, आणि येशूच्या घरचीही. मिसरच्या तांबड्या समुद्रावरील एकाच बंदरातून वर्षाला १२० गलबते हिंदुस्थानाकडे जात, असे स्ट्रॅबोने लिहिले आहे. तो येशूचा समकालीन. त्याच शतकातील एका ग्रीक खलाशी-पोथीत सोपारा, कल्याण आणि 'सेमिल्ला' म्हणजे आपले चेऊल, ह्या बंदरांची नावे आहेत. चेऊलपासून नवगाव किती दूर, हे आपल्या लोकांना सांगावयास नको. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननात २०२२ मध्ये ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्तीही सापडली. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट ह्या ख्रिस्ती पंडिताने 'बुट्टा'च्या हिंदी अनुयायांचा उल्लेख केला आहे. आणि मसादावर एलाझार बेन याइरने केलेले जे भाषण योसेफसने लिहून ठेवले, त्यात मरणाला न भिणाऱ्या हिंदी ज्ञान्यांचा दाखला आहे.

म्हणजे रस्ता होता, जहाजे होती, मिरी होती, मूर्ती होती आणि कथाही होत्या. मात्र रस्ता आहे म्हणून अमुक मनुष्य त्यावरून गेलाच, हे सिद्ध होत नाही.

येशूच्या उपदेशातील दया, क्षमा, शेजाऱ्यावर प्रेम हे बुद्धाच्या शिकवणीसारखे आहे असे म्हणतात. आहेच. पण वॉर्डात शेजारशेजारच्या दोन खाटांवर ताप असला म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागला असे आम्ही कधी लिहिले नाही. आधी विचारायचे, घरी कोणी आजारी होते का? शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा तोरेच्या तिसऱ्या पुस्तकात आहे. तिचेच सार हिल्लेल यांनी एका पायावर उभ्या राहिलेल्या परक्याला सांगितले, आणि हिल्लेल येशूच्या थोडे आधीचे. मालमत्ता सामाईक ठेवणारे, वारंवार पाण्यात शुद्ध होणारे लोकही येशूच्या काळी याच देशात होते. १९४७ पासून कुमरानच्या गुहांतून निघालेली त्यांची गुंडाळी आज यरुशलेमच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. घरातच कारण सापडत असता हिमालयापर्यंत धाव घेण्याचे प्रयोजन काय?

वाचकहो, हे सर्व ख्रिस्ती लोकांविषयी झाले. आम्हांस खरी काळजी आपली वाटते. आपल्या आज्या पुरीमला काय म्हणत? 'होळीचा सण'. तिशा बेआवला? 'बिरड्याचा सण'. दोन सण एकाच ऋतूत येतात म्हणून एकाचे नाव दुसऱ्याला चिकटले, एवढेच. पण उद्या एखाद्या पंडिताने ही नावे वाचून पुरीम होळीतून निघाला असा ग्रंथ लिहिला, तर? मलिद्याचेही तसेच. तबकात पोहे, खोबरे, फळे कोकणची. पण नवस एलियाहू हन्नाबीचा आणि बेराखा हिब्रू. ज्याने केवळ तबक पाहिले त्याने आम्हांस हिंदू म्हटले. ज्याने केवळ बेराखा ऐकली त्याने तबक विसरा म्हटले. दोघांनीही अर्धेच पाहिले.

अशा अर्धवट पाहण्याची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. १९६० च्या दशकात ह्याच देशात आपल्या वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली. आपली माणसे उन्हात निदर्शनाला बसली, तेव्हा कोठे १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्तनात्याच्या शास्त्रीय अभ्यासात आपल्यात यहुदी आणि हिंदी दोन्ही वंशांचे अंश आढळले. आमच्या आईने हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय सांगितले असते. तिची तेफिल्ला हिब्रूत होती आणि ओवी मराठीत.

ज्यांना दुसऱ्यांनी वरवरच्या साम्यावरून तोलले, त्यांनी दुसऱ्यांच्या धर्माला तरी तसे तोलू नये. येशूला आपल्या सोयीने लडाखला पाठविणे आणि आपल्याला कोणी आपल्या सोयीने 'मुळात हिंदूच' ठरविणे, ह्या दोन्हींत एकच खोड आहे. उलट पुरावा कसा असतो ते कोल्लमला पाहावे. इ. स. ८४९ मध्ये तेथील ख्रिस्ती चर्चला मिळालेल्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या सह्या आहेत. काही अरबी लिपीत, काही पहलवीत आणि काही हिब्रू अक्षरांत. हिंदू राजवट, ख्रिस्ती चर्च, यहुदी साक्षीदार! कोणी कोणाचा गुरू झाला नाही, पण शेजारी म्हणून सही केली, आणि ती सही अजून वाचता येते.

म्हणून आमची एक विनंती. घरात जी म्हातारी माणसे उरली आहेत त्यांना विचारा: मलिदा कसा मांडत, अनशी ढाकण्याच्या सणाला काय करीत, मेहंदीला कोणती गाणी म्हणत, कोणत्या गावी, कोणत्या साली. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून वहीत लिहा. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर हिब्रूत लिहा. आम्ही पाळी संपली की दुसऱ्या परिचारिकेसाठी सगळे नोंदवून जात असू, कारण रात्री काय झाले हे सकाळच्या माणसाने अंदाजाने ठरवू नये. आता आपल्या पिढीची पाळी संपत आली आहे, आणि वही अजून पुष्कळ कोरी आहे.