दुसऱ्या शब्दाला खाली बसवणं

इंग्रजी उच्चार शिकवताना माझा सर्वात आवडता तास जोडशब्दांचा. ‘ग्रीनहाउस’ म्हणताना जोर ‘ग्रीन’वर असेल तर ते रोपं वाढवायचं काचघर, ‘हाउस’वर गेला की हिरव्या रंगाचं कुठलंही घर. हा भेद कागदावर तरी दिसतो, कारण काचघर जोडून लिहितात. ‘इंग्लिश टीचर’ दोन्ही अर्थांनी सुटंच लिहितात. ‘इंग्लिश’वर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारी, म्हणजे मी, ‘टीचर’वर दिला तर इंग्लंडची बाई, मग ती गणित का शिकवेना.

पहिल्या शब्दावर जोर द्यायला मराठी मुलं चटकन शिकतात. अडतं ते दुसऱ्यापाशी. ‘ब्लॅकबोर्ड’मधला ‘बोर्ड’ त्यांच्या तोंडी ‘ब्लॅक’इतकाच ताठ उभा राहतो. आपल्या भाषेत प्रत्येक अक्षराला त्याचं माप पुरेपूर मिळतं, त्यामुळे आवाज उतरवणं म्हणजे शब्द अर्धा गिळणं, असं त्यांना वाटतं. म्हणून मी ‘जोरात म्हण’ असं कधी सांगत नाही. ‘दुसरा शब्द खाली बसव’ म्हणते.

आणि आपल्या कानाला हे मुळीच परकं नाही. आपण ‘सुपरमॅन’ म्हणतो, पण ‘पोस्टमन’. इंग्रजीतही नेमकं तेच होतं: एकात ‘मॅन’ शाबूत, दुसऱ्यात झिजलेला. हे कुणी व्याकरण शिकून केलेलं नाही, नुसत्या ऐकण्यातून आलंय. मला याचं फार अप्रूप वाटतं.

शब्दाचे अवयव, म्हणजे सिलेबल, पाडताना जोड कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. ‘हॉटहाउस’मध्ये टी आणि एच शेजारी येतात, जोड दिसला नाही की मुलं त्यांचा ‘थ’ करून मोकळी होतात. ‘कबर्ड’मध्ये तर जोड पार पुसला गेलाय. स्पेलिंगमध्ये ‘कप’ आणि ‘बोर्ड’ आहेत, उच्चारात ‘प’ नाहीच.

जोडशब्दात जोर पहिल्यावर, हा नियम सगळीकडे पुरत नाही. ‘ॲपल केक’मध्ये जोर पहिल्यावर, ‘ॲपल पाय’मध्ये दुसऱ्यावर. ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’ आणि ‘ऑक्सफर्ड रोड’ यांचंही तसंच. अशा वेळी कोश उघडायचा. डॅनियल जोन्सचा उच्चारकोश 1917 साली निघाला, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या मी आजही वापरते. त्यात जोर असलेल्या अवयवाच्या आधी एक बारीक उभी रेघ असते. डोळ्यांनी आधी तीच टिपायची, मग तोंड उघडायचं.

शेवटी ‘लाइट’, ‘हाउस’, ‘कीपर’ हे तीन शब्द देते. ‘लाइट’वर चढून पुढचे दोन्ही उतरवले की दीपगृहाचा राखणदार, जोर ‘हाउस’वर नेला की घर सांभाळणारी, अंगाने हलकी बाई. दोन्ही आलटूनपालटून, न अडखळता म्हणता आले पाहिजेत.