भरावातले पत्रे

मातीशी आपले नाते अदबीचे आहे. पाणी मिळत नसेल किंवा आजारपणात सोसत नसेल, तर पाक मातीने तयम्मुम करता येतो, हे आपली मुले मकतबमध्येच शिकतात. मय्यत दफन करताना आपण मातीच देतो. पण ज्या मातीवर मुलांना रोज खेळायला सोडतो ती आली कुठून, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. आमच्या शाळेत गेल्या पावसाळ्यात तो प्रश्न विचारावाच लागला.

मैदान सखल, दरवर्षी गुडघाभर पाणी. गावात आखाती कमाईतून नवी घरे उठत आहेत, जुनी पाडली जात आहेत, आणि पाडकामाचा राडारोडा ठेवायला कोणाकडेच जागा नसते. एका ठेकेदाराने जमातीला फुकट भराव देऊ केला. डंपर आले, जेसीबीने माती सारखी केली, सगळे खूश. पहिल्या मोठ्या पावसात वरचा थर धुपला आणि विटा-लाद्यांच्या तुकड्यांत राखाडी, नागमोडी तुकडे वर आले. जुन्या सिमेंट पत्र्यांचे. मुलांनी त्यांची लगोरी रचली. पाऊस उघडल्यावर लंगडीच्या चौकटी आखायलाही तेच घेतले. खडूसारखी पांढरी रेघ उमटते ना!

या पत्र्यांत सिमेंटबरोबर साधारण १० ते १५ टक्के ॲसबेस्टॉस असते. हा एक तंतुमय दगड. न जळणारा, न कुजणारा, म्हणून स्वस्त आणि टिकाऊ छपराला सोयीचा. पत्रा अखंड असेल तर तंतू सिमेंटमध्ये धरून राहतात. घरावर जुने पत्रे आहेत म्हणून झोप उडवून घेऊ नये. धोका तो फोडला, कापला, घासला की सुरू होतो. सुटलेले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुफ्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात. त्यातून फुफ्फुसे घट्ट होत जाऊन दम लागतो, कॅन्सर होतो, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा एक कॅन्सर तर बहुतेक वेळा ॲसबेस्टॉसमुळेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲसबेस्टॉसचा प्रत्येक प्रकार कॅन्सरकारक आहे. जो बिडी-सिगारेट ओढतो, त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

जमातीच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा एक बुजुर्ग चाचा म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं याच पत्र्याखाली राहिलो. काय झालं आम्हाला?" प्रश्न रास्त होता. चाचांच्या डोक्यावरचा पत्रा अखंड होता, मैदानातला चुरा झालेला आहे. आणि चाळीस वर्षे हाच तर या दुखण्याचा हिशेब आहे. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ४० वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली ॲसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कारखानदारांना प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद निदान ४० वर्षे जपायला सांगितली, ती त्यामुळेच. कारखान्यातल्या कामगाराची निदान नोंद तरी होते. छपरावर हातोडा मारणाऱ्या रोजंदारीवरच्या मुलाची, भराव पसरणाऱ्या बिगाऱ्याची नोंद कोण ठेवतो?

आणि त्याच्या घरातल्या बाईची? अनेक देशांतल्या डॉक्टरांनी हे नोंदवले आहे की कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाला. त्या फक्त नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून धूत होत्या. आमच्या भगिनींनी हे वाक्य पुन्हा वाचावे. बांधकामावरून आलेला माणूस मुलाला उचलून घेण्याआधी कपडे बदलू दे. ते कपडे झटकू नका, थेट पाण्यात बुडवा आणि वेगळे धुवा.

आता मातीकडे. पत्र्याचा चुरा मातीत मिसळला की तो नाहीसा होत नाही. ओलीत दबून राहतो, उन्हाळ्यात माती सुकून धूळ उडाली की पुन्हा हवेत येतो. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. तरीही जानेवारी २०२४ मध्ये सिडनीच्या एका नव्या बागेत, झाडांभोवती पसरलेल्या लाकडी चिपाट्यांत त्याचे तुकडे निघाले. एका लहान मुलाने खेळता खेळता एक तुकडा घरी नेला होता, तिथून ते उघड झाले. मग शोध सुरू झाला तेव्हा शाळा, बागा धरून सत्तरहून अधिक ठिकाणी तेच सापडले. काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे तर बंदीच नाही. खाणींना नवे परवाने देणे १९८६ पासून थांबले, पण माल बाहेरून आणून पत्रे बनतातच.

तिकडच्या बांधकामावर मातीत असे तुकडे निघाले की तेवढ्या भागातले काम थांबवतात, दोर बांधतात, बारीक फवाऱ्याने माती ओली ठेवतात. यंत्राने भरडत नाहीत, चाळत नाहीत. दिसणारे तुकडे हाताने वेचतात, माती प्रयोगशाळेत तपासतात. मग एक तर ती खोदून, झाकलेल्या गाडीतून घातक कचऱ्याच्या जागी नेतात, नाही तर जागीच ठेवून वर खुणेची जाळी आणि स्वच्छ मातीचा थर देतात. जमिनीच्या कागदांत तशी नोंद होते. जाळी लागली की पुढच्या खोदणाऱ्याला कळते, खाली काय आहे ते.

आमच्या जमातीला सगळी माती उचलणे परवडणारे नव्हते. घातक कचरा घेणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी मोजकी, आणि मैदानभर माती तिथवर नेण्याचा खर्च शाळेच्या वर्षाच्या खर्चाहून मोठा. आम्ही दुसरी वाट सुचवली. काही सदस्यांना तीही अतिशयोक्ती वाटली. "मास्तर लोक पुस्तकं वाचून घाबरवतात," असे ऐकूनही घेतले. पण मुतवल्ली साहेबांनी एवढेच विचारले, की मैदान कोणाची अमानत आहे? त्यानंतर वाद फारसा चालला नाही.

मुलांना मैदान बंद केले. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, दोन प्रौढ माणसांनी हातमोजे आणि बारीक धूळ अडवणारे, चेहऱ्यावर घट्ट बसणारे मास्क घालून तुकडे वेचले. फडके नाकाला बांधून भागत नाही. तुकडे जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशव्यांत बंद केले, त्यावर लिहिले, आणि तळोज्याला पाठवायचे ठरले. कोंबड्यांच्या खुराड्याला मागायला दोघे आले होते, त्यांना नाही म्हटले. मैदानावर हिरवी जाळी अंथरून वर दीड फूट लाल माती टाकली. तिच्या चार गाड्या ज्यांच्या जमिनीतून आल्या, त्यांनी सदका म्हणून दिल्या.

जुन्या घराचे किंवा मस्जिदीच्या ओसरीचे पत्रे काढायचे असतील त्यांनी एवढे करावे. पाडकामाच्या आधी पत्रे वेगळे उतरवून घ्यावेत. पाणी मारावे, नटबोल्ट सोडवावेत, पत्रा दोराने अखंड खाली घ्यावा. वरून फेकू नये. आजकाल ॲसबेस्टॉस नसलेले सिमेंट पत्रेही मिळतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून जुना पत्रा ॲसबेस्टॉसचाच समजावा. शेकोटीत तर टाकूच नये, तापला की फटाक्यासारखा फुटतो. आणि फुकटचा भराव घेताना ठेकेदाराला विचारावे, घर कोणते पाडले, छप्पर कशाचे होते.

जमातीच्या वहीत आता एक पान मैदानाचे आहे. जाळी किती खोल आहे, कोणत्या कुंपणापासून कोणत्या झाडापर्यंत, हे मोजून लिहिले आहे. पुढच्या वर्षी नळाची लाईन याच बाजूने न्यायची आहे. चर खोदण्याआधी ते पान प्लंबरला दाखवायचे, असे ठरले आहे.