वास न येणारी नशा

केटामाइन घेतलेल्या मुलाच्या तोंडाला दारूसारखा वास येत नाही. त्यामुळे अम्मी-अब्बांना सुगावाही लागत नाही. "दारू थोडीच आहे? दवाखान्यातलं औषध आहे," असं एक शिकलेला मुलगा मला सांगत होता. त्याचं अर्धंच बोलणं खरं आहे.

१९६२ साली अमेरिकेत तयार झालेलं हे भुलीचं औषध. जिथं यंत्रं कमी, अशा लहान रुग्णालयांत ते आजही मोलाचं आहे. पण तिथं डोस मोजलेला असतो, उशाशी डॉक्टर असतो. पार्टीत पूड नाकानं ओढणाऱ्याच्या उशाशी कोण असतं? हातपाय हलत नाहीत, उलटी झाली तरी कूस बदलता येत नाही. सोबत दारू असेल तर श्वासही मंदावतो. 'फ्रेंड्स' मालिकेतला मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये याच औषधाच्या परिणामानं पाण्याच्या टबात गेला.

जे जगतात त्यांचं काय होतं, ते हाँगकाँगनं पाहिलं. तिथल्या तरुणांत हे व्यसन खूप पसरलं होतं. २००७ च्या सुमारास डॉक्टरांकडे अशी तरुण मुलं येऊ लागली, की ज्यांना सारखी लघवीला धाव घ्यावी लागे, रक्त जाई, पण तपासणीत जंतू सापडत नसत. केटामाइन मूत्राशयाचं अस्तर खराब करतं. चार-पाचशे मिलिलिटर मावणारी पिशवी काहींमध्ये आकसून शंभराच्याही खाली येते. ते वेदनाही थांबवतं, म्हणून दुखायला लागलं की मुलं पुन्हा तेच घेतात. फार उशीर झाला तर मूत्राशय काढावं लागतं.

आपल्या घरातला असा मुलगा पुन्हा पुन्हा वुजू करतो, तरावीहमधून मध्येच उठून जातो. घरचे म्हणतात, उष्णता वाढली असेल, धण्याचं पाणी द्या. तो शरमेनं गप्प बसतो.

बाटलीवर औषधाचं नाव असलं तरी नशेसाठी घेतलं की ती नशाच. पण हराम आहे, हे सांगायला मोहल्ल्यात दहा जण आहेत. त्याला हात धरून मूत्ररोगतज्ज्ञाकडे नेणारा एक हवा. डॉक्टरांना केटामाइनचं नाव स्पष्ट सांगा, नाहीतर अँटिबायोटिक्समध्येच महिने जातील. व्यसन सोडण्यासाठी १४४४६ हा सरकारी मोफत फोन आहे. वेळीच थांबलं तर मूत्राशय बरंच सावरतं. तेव्हा मुलगा सारखा उठून जात असेल, तर रागवण्याआधी त्याला विचारा, "बेटा, दुखतंय का?"